हंगामाची कमाई आणि पावसाळ्याची चूल

दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये (आयत ४३ ते ४९) मिसरच्या राजाचे स्वप्न आले आहे : सात धष्टपुष्ट गायींना सात रोड गायी खाऊन टाकतात. हजरत यूसुफ (अ.) यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि उपायही सुचविला. सुगीच्या सात वर्षांत खाण्यापुरतेच धान्य काढावे, उरलेले कणसातच राहू द्यावे. पुढची सात कठीण वर्षे त्यावर निभावतील. कणसातला दाणा अधिक काळ टिकतो. साठवावे, आणि टिकेल अशा रीतीने साठवावे, असा हा दुहेरी धडा आहे.

वाचकहो, वर्धा जिल्ह्यातील कष्टकऱ्याला ही सुगी आणि ही टंचाई एकाच वर्षात भेटते. दिवाळीच्या सुमारास हिंगणघाटच्या बाजारात कापूस येऊ लागतो, जिनिंग सुरू होतात, हमालाच्या हाती मजुरी पडते. होळीनंतर काम ओसरते आणि पावसाळ्यात चूल उधारीवर पेटते. शाळेचा खर्च, तापाचे औषध आणि गळके छप्पर त्याच दिवसांत दारात उभे राहतात. गरिबाच्या घरात व्याज शिरते ते बहुधा या रिकाम्या डब्याच्या वाटेने.

काही वर्षांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक विधवा भगिनी मशिदीच्या दाराशी थांबल्या होत्या. हातात एका पतसंस्थेचे पासबुक होते; संस्थेला कुलूप लागले होते. त्या म्हणाल्या, “मौलानासाब, पोरीच्या निकाहचे पैसे आहेत हे. भेटतील का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. व्याज हराम आहे, हे मी मिंबरवरून अनेकदा सांगितले होते. कष्टाचा पैसा सुरक्षित कोठे ठेवावा, हे एकदाही सांगितले नव्हते. हा लेख त्या उणिवेची अल्पशी भरपाई होय.

बचत आणि तवक्कुल

बचत करणे म्हणजे अल्लाहवरील विश्वास कमी असणे, असे काहींना वाटते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची शिधासामग्री ठेवत असत, असे सहीह बुखारीत नमूद आहे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही त्यांचीच शिकवण आहे.

पैसा कोठे ठेवावा?

२८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेत शून्य शिलकीवर बँक खाते उघडता येते. डाकघरातही बचत खाते मिळते. बँक बुडाल्यास एका बँकेतील पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण असते. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून पावतीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे आधी वाचावे. दोन वर्षे व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय होते. अधूनमधून थोडी रक्कम भरत राहावी.

बचत खात्यावर व्याज जमा होते, त्याचे काय? आपल्या देशातील अनेक उलमांचे मत असे की, सुरक्षिततेसाठी खाते ठेवण्यास हरकत नाही. परंतु व्याजाची रक्कम स्वतःसाठी वापरू नये, पुण्याची अपेक्षा न धरता गरजवंताला देऊन टाकावी. शंका असल्यास जवळच्या मुफ्तींना विचारावे.

बिशी आणि बचत गट

दहा जणी दरमहा ५०० रुपये भरतात, दर महिन्याला एकीला ५,००० मिळतात आणि शेवटी प्रत्येकीला भरले तेवढेच मिळालेले असते. अशी बिशी परस्पर साहाय्यच आहे. लिलावाच्या बिशीत मात्र गरजवंत कमी रक्कम उचलतो आणि उरलेला पैसा इतर वाटून घेतात. ते व्याजच, त्यापासून दूर राहावे.

‘उमेद’ अभियानातील बचत गट पंचसूत्री पाळतात : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंद. ही शिस्त आपण अवश्य घ्यावी. कर्जावरील व्याज तेवढे वगळावे. मोहल्ल्यातील दहा-बारा भगिनींनी कर्जे-हसनाचा गट बांधावा, वहीचा प्रत्यक्ष खर्च सर्वांनी मिळून द्यावा. देणे-घेणे लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याचा आदेश २८० व्या आयतीत आहे. दोन्ही एकत्र पाळले तरच गट टिकतो.

नामनिर्देशन

खाते उघडताना नामनिर्देशन अवश्य करावे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती त्या रकमेची मालक होत नाही. ती वारसांच्या वतीने सांभाळणारी अमानतदार असते. वाटणी सूरह निसामध्ये ठरवून दिलेल्या हिश्शांनुसारच व्हावी. थोरल्या भावाचे नाव खात्यावर आहे म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही.

या हंगामात एवढेच करून पाहा. मजुरी हाती येताच, खर्चाआधी, आठवड्याला २०० रुपये बाजूला काढा. वीस आठवड्यांत ४,००० होतील. रक्कम मोठी नाही. पण श्रावणातल्या एखाद्या रात्री मूल तापाने फणफणले, तर सावकाराचे दार वाजवावे लागणार नाही.

अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो आणि कोणत्याही घराला व्याजाच्या दारी उभे न करो. आमीन.