कुत्र्यामांजरांचे घरगुती अन्न : एक विचार

'उरलेले कुत्र्याला घाल' हे वाक्य आपल्या घरात दिवसातून एकदा तरी उच्चारले जाते. त्यात काटकसर आहे, थोडीफार भूतदयाही आहे. परंतु उरलेले म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. कधी ती दुपारची चतकोर भाकरी असते, कधी आंबलेली आमटी, कधी कोंबडी साफ केल्यावर राहिलेली आतडी, तर कधी सुपात निवडून बाजूला काढलेले काळे-हिरवे दाणे. या चारही वस्तूंना आपण एकाच नावाने ओळखतो आणि एकाच फुटक्या ताटलीत टाकतो. या चार वस्तू एकसारख्या नाहीत. त्यांतील काही नुसत्या शिळ्या, तर काही प्राणघातक आहेत. हा भेद समजून घेणे कुत्र्यामांजरांच्या जितके हिताचे, तितकेच आपल्याही हिताचे आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न प्राध्यापक मंडळींना पडणे स्वाभाविक आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, आणि कुत्र्याची ताटली हा मला भूगोलाचाच एक धडा वाटतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ती ताटली तालुक्यागणिक बदलते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात तिच्यात मक्याची किंवा ज्वारीची भाकरी असते. नवापूरकडे भात असतो, आणि तेथील कुक्कुटपालनामुळे कोंबडीचे टाकाऊ मांसही असते. उकाई धरणाच्या फुगवट्याकडील गावांत मांजरे मासळीवर जगतात. शहादे-तळोद्याच्या बागायती पट्ट्यात डाळभाकरीसोबत दूधही मिळते. जे जमिनीत पिकते आणि माणसाच्या ताटात येते, तेच शेवटी दारातल्या जनावरापर्यंत पोहोचते. फरक एवढाच की, आपण निवडून खातो. त्याला निवडीची मुभा नसते.

प्रथम कुत्रा आणि मांजर यांतील भेद पाहू. आपण दोघांना एकाच रांगेत बसवतो, पण निसर्गाने तसे केलेले नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीने हजारो वर्षे राहिला आणि माणसाचे धान्य खाण्यास शिकला. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या रसाचे जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक प्रतींनी असते. म्हणून भाकरी हे कुत्र्याचे खरोखरीचे अन्न होऊ शकते. अर्थात केवळ भाकरी नव्हे.

मांजराचे तसे नाही. ते पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला आपल्या शरीरात पुरेसा तयार करता येत नाही. तो मांसामाशातूनच मिळावा लागतो. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन ते आंधळे होते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, याच अभावामुळे मांजराचे हृदय कमकुवत होऊन फुगते. गाजर-भोपळ्यातील पिवळ्या रंगद्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवू शकतो. मांजर तेही बनवू शकत नाही. दूधभातावर वाढवलेले मांजर उंदीर मारून आपली उणीव भरून काढते, म्हणूनच ते तग धरते. घरात कोंडलेल्या मांजराला ती सोय नसते. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व त्यांना जुलाब होतात. मांजराला शाकाहारी करण्याचा आग्रह कितीही सद्हेतूचा असला, तरी तो त्याच्या जिवावर बेततो.

आता धोक्यांकडे वळू. समजण्यास सोपे जावे म्हणून मी त्यांचे तीन गट केले आहेत : चूल ज्यांना मारते असे, चूल ज्यांना मारू शकत नाही असे, आणि जे आपल्याला अन्न पण त्यांना विष असे.

पहिला गट कच्च्या मांसाचा. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आढळली, ती आपल्याच नवापूरला. २०२१ मध्ये ती तेथे पुन्हा आली. दोन्ही वेळी कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या आणि पुष्कळ कुटुंबांचा रोजगार बुडाला. हा रोग फक्त पक्ष्यांचा नाही. थायलंडमधील एका व्याघ्रसंग्रहालयात २००४ च्या ऑक्टोबरात वाघांना कच्च्या कोंबड्या खाऊ घातल्या गेल्या. रोगाने मेलेले आणि साथ थांबविण्यासाठी मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ व एक बिबट्या दगावले; तपासणीत एच५एन१ हाच विषाणू निघाला. मांजर हे वाघाच्याच कुळातले. म्हणून मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकणे आणि कच्ची आतडी मांजरापुढे टाकणे, या दोन्ही सवयी नवापूरसारख्या भागात तरी मोडल्याच पाहिजेत. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला नीट शिजले की हा विषाणू मरतो. मात्र हा उपाय निरोगी कोंबडीच्या मांसासाठी आहे. आजाराने मेलेली कोंबडी शिजवूनही कोणास घालू नये. तिला हातही न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

याच गटात बोकडाच्या किंवा मेंढीच्या टाकाऊ भागांचा समावेश होतो. फुप्फुसावर वा कलेजीवर कधी कधी पाण्याने भरलेले फोड दिसतात. त्यांत एका लहानशा फीतकृमीचे अंश असतात. ते कच्चे भाग कुत्र्याने खाल्ले की हा कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, आणि तेथून मुलांच्या हातातोंडात जाऊन माणसाच्या यकृतात तसेच फोड निर्माण करतात. असे भाग पुरून टाकावेत. एरवीचे भाग अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय कुत्र्याला देऊ नयेत. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. शिजवल्यावर तो निकामी होतो. म्हणून मांजराची मासळीही उकडूनच द्यावी. हाडांची गोष्ट मात्र उलट आहे. शिजलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. मांस शिजवावे आणि हाडे काढून टाकावीत, हे सरळ सूत्र.

दुसरा गट बुरशीचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. १९७४ च्या पावसाळ्याअखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी गावांत एक विचित्र आजार पसरला. कावीळ होई, पोटात झपाट्याने पाणी भरे आणि रोगी दगावे. ३९७ जण आजारी पडले, त्यांपैकी १०६ मरण पावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. कृष्णम्माचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा कारण सापडले ते मक्यात. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे माणसे महिनाभर दररोज २ ते ६ मिलिग्रॅम विष खात होती. आज आपल्या देशात एक किलो धान्यात जास्तीत जास्त १५ मायक्रोग्रॅम इतकीच मर्यादा घालून दिली आहे. दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर त्या लोकांच्या पोटात या मर्यादेच्या अडीचशे पटींहून अधिक विष जात होते.

या अहवालातील एक गोष्ट वाचून मी थांबलो. माणसांच्या आधी गावातली कुत्री त्याच आजाराने पडली होती. तीच कावीळ, तेच पोट फुगणे. म्हणजे सूचना आधीच मिळाली होती. ती सूचना म्हणून कोणी वाचली नाही इतकेच. ते जिल्हे आपल्याहून फार निराळे नाहीत. नर्मदेपलीकडचा तोही डोंगराळ मुलूख, तेच भिल्ल बांधव, तेच मक्याचे अन्न. धडगावच्या डोंगरातही कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस येतोच.

येथे आपल्या घरातील एका चांगल्या सवयीचा वाईट परिणाम ध्यानात घ्यावा लागेल. हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. थोड्या किडक्या, फुटक्या, रंग बदललेल्या दाण्यांत ते फार मोठ्या प्रमाणात साठते. आपल्या आया-आज्या सुपात धान्य पाखडून नेमके हेच दाणे वेगळे काढतात. त्यामुळे घरच्यांच्या भाकरीतले विष पुष्कळ कमी होते, ही त्यांची शहाणीवच होय. पण मग ते काढलेले दाणे जातात कोठे? ते भरडून कुत्र्याला घातले जातात, नाहीतर कोंबड्यांपुढे टाकले जातात. दहा जणांत विभागले गेले असते ते विष एका कुत्र्याच्या वाट्याला येते. आणि कुत्रा या विषाला विशेष बळी पडणारा प्राणी आहे. चूलही येथे काम करीत नाही. भाकरीचा तवा, उकळते पाणी, तळण यांपैकी कशानेही हे विष पुरते नष्ट होत नाही. बुरशी मरते, विष उरते.

विकतचे खाद्य आणले म्हणजे सुटलो, असेही नाही. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात कुत्र्यांचे कारखानी खाद्य याच विषामुळे बाजारातून परत मागवावे लागले. शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. तेथेही संशय मक्यावरच होता. धान्य वाईट असेल तर पिशवी कितीही रंगीत असून उपयोग नाही.

तिसरा गट आपल्या स्वयंपाकघरातला. कांदा आणि लसूण यांखेरीज खानदेशी रस्सा होत नाही, आणि हेच दोन पदार्थ कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. मांजराला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदा बाधतो. म्हणजे चार किलोच्या मांजरास २० ग्रॅम, एका लहान कांद्याहूनही कमी. कुत्र्याला दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम लागतात. कांदा शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. तेव्हा रश्श्यात कुस्करलेली भाकरी रोज देणे टाळावे. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडतात आणि चॉकलेटमधील घटक त्याच्या हृदयावर परिणाम करतो. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकाही यातून सुटत नाहीत.

मग घालावे तरी काय? सुमारे १५ किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्यास दिवसभरात साधारण ८०० ते ८५० कॅलरी लागतात. त्यासाठी दीडशे ग्रॅम ज्वारीचे पीठ किंवा तांदूळ, तीस ग्रॅम मूग अथवा तुरीची डाळ, शंभर ग्रॅम बिनहाडाचे मांस किंवा दोन अंडी, मूठभर लाल भोपळा आणि एक लहान चमचा तेल एवढे पुरते. सर्व मऊ शिजवावे. तिखट, मसाला, कांदा, लसूण वर्ज्य. यात कॅल्शियमची उणीव राहते. ती भरून काढण्यासाठी अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक कुटून त्यांची अर्धा चहाचा चमचा पूड घालावी. तिच्यातून सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळते. हे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे. पिल्लांची गरज याहून वेगळी असते. दूधभाकरीवर वाढलेल्या पिल्लांचे पाय पुष्कळदा वाकतात.

चार किलोच्या मांजरास सव्वाशे ते दीडशे ग्रॅम उकडलेले चिकन वा काटे काढलेली मासळी, जमल्यास त्यात कोंबडीचे हृदय, आठवड्यातून एकदोनदा कलेजीचा लहानसा तुकडा आणि टरफलाच्या पुडीची एक मोठी चिमूट द्यावी. उकडलेले पाणी फेकू नये, कारण टॉरिन त्यात उतरते; ते अन्नातच मिसळावे. कलेजी रोज दिल्यास 'अ' जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे जखडतात. एवढ्याने सगळी जीवनसत्त्वे व खनिजे पुरी पडतात असे मात्र समजू नये. फक्त घरच्याच अन्नावर जनावर ठेवायचे असेल, तर कोणती पुरवणी द्यावयाची हे पशुवैद्यकास विचारून ठरवावे. मांजराच्या बाबतीत तर अवश्य.

यावर कोणी म्हणेल, जेथे माणसालाच डाळ पुरत नाही तेथे कुत्र्याला अंडी कोठून आणावीत? हा आक्षेप खरा आहे. १९७४ मध्ये त्या गावकऱ्यांनी बुरशीचा मका हौसेने खाल्ला नव्हता. दुसरे धान्यच घरात नव्हते. म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. ताटलीत काय घालावे हे ऐपतीप्रमाणे ठरेल. काय घालू नये हे मात्र प्रत्येक घर ठरवू शकते. मका कापल्यावर तो जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा माचीवर वाळवावा. दाणा दाताखाली कट्कन फुटेल इतका सुकल्यावरच कणगीत भरावा. निवडून काढलेला काळा दाणा कुत्र्याला नको, कोंबडीला नको, गाईलाही नको; गाईने खाल्ल्यास त्या विषाचा अंश दुधातून पुन्हा आपल्याकडे येतो. तो खड्ड्यात पुरावा.

आणखी एक. पावसाळ्यानंतर वस्तीतील तीनचार कुत्री एकदम अन्न सोडू लागली, त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले, पोटे फुगली, तर 'साथ आली असेल' म्हणून सोडून देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि त्याच दिवशी आपली कणगी उघडून पाहावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी गावोगाव जातो. रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. त्या गावांतील कणग्यांकडे आणि कुत्र्यांच्या ताटल्यांकडेही एकदा पाहता येईल.