आपल्या आरोग्याचे खातेदार आपणच

बंगळूरच्या इंदिरानगर भागातील एका प्रमुख रस्त्याला सर्वजण 'सी.एम.एच. रोड' म्हणतात. चिन्मय मिशन हॉस्पिटलवरून हे नाव पडले. पत्ता सांगताना रहिवासी रोज रुग्णालयाचे नाव घेतात, त्यात काही वावगे नाही. परंतु आरोग्य म्हटले की प्रथम रुग्णालयच आठवावे, ही आपली सवय मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आजार एका रात्रीत होत नाहीत. ते वर्षानुवर्षे मुरत असतात आणि त्या काळात माणूस डॉक्टरांच्या नव्हे, स्वतःच्याच स्वाधीन असतो.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवासी वसाहत म्हणून आकारास आलेल्या इंदिरानगरात आज उपाहारगृहे, दुकाने व कार्यालये यांची दाटी आहे. नोकरीनिमित्त बंगळुरात आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा दिनक्रम पाहावा. सकाळी लिफ्टने खाली, तेथून वाहनात, मग आठ-नऊ तास संगणकासमोर आणि रात्रीचे जेवण पुष्कळदा घरपोच. किराणा, औषधे, विजेचे बिल, सारे काही फोनवर. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून बँकेची पायरी चढण्याचे प्रसंगही विरळ झाले. ग्राहकांचा वेळ वाचला, तशी त्यांची पावलेही वाचली! शरीराला मात्र ही बचत मानवत नाही.

याचा पुरावा फार जुना आहे. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेतील हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मुंबईकरांना परिचित अशा दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत जिना सतत चढत-उतरत असे. एकच बस, एकच रस्ता. तरीही हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी आढळले. (बंगळूरकरांना येथे आपल्या एका वाहकाची आठवण व्हावी. शिवाजीराव गायकवाड हा मराठी तरुण याच शहरात बसवाहक होता. पुढे तो रजनीकांत या नावाने प्रसिद्धीस आला.)

मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत, हे विशेष. कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली असता, चालकांच्या विजारींचे कंबरेचे माप नोकरीच्या आरंभापासूनच मोठे असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे साराच फरक कामामुळे पडला, असे म्हणता येत नव्हते. तथापि टपाल खात्यातही पायी वा सायकलने फिरणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्यांपेक्षा सुदृढ आढळले आणि मूळ निष्कर्षाला बळकटी आली. स्वतः मॉरिस २००९ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले.

आज आपल्यापैकी बहुतेकजण त्या बसमधील चालकाच्या आसनावर आहोत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. घरकाम म्हणजे व्यायामच, असे म्हणून स्त्रियांचे चालणे-फिरणे दुय्यम ठरविणाऱ्या कुटुंबांनी हा आकडा अवश्य लक्षात घ्यावा.

केवळ माहिती असून भागत नाही. गडचिरोलीत ग्रामीण आरोग्याचे मोठे कार्य उभारणारे डॉ. अभय बंग हे स्वतः वैद्यक शाखेचे. तरीही १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराने गाठले. त्यानंतर आहार, व्यायाम, ध्यान आणि मनोवृत्ती यांत त्यांनी जो बदल घडविला, त्याची कथा 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. तज्ज्ञ डॉक्टरालाही हा बदल स्वतःच करावा लागला. तो दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सलग दहा मिनिटे तरी असावी, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकण्यात आली. त्यामुळे वेळ मिळत नाही या सबबीतील बराचसा दम गेला आहे. व्हाइटफील्डहून मेट्रोने परतणाऱ्या इंदिरानगरवासीयाने एक स्थानक आधी, स्वामी विवेकानंद रोडला उतरून उरलेले अंतर पायी कापावे. उन्नत स्थानकांवर सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना वापरावा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती फारशी चढत नाही. पदपथांवर दुचाकी उभ्या असतात, फरशा उखडलेल्या असतात, ही तक्रार रास्तच आहे आणि ती महापालिकेकडे करावीच. मात्र दुरुस्ती होईपर्यंत आतील झाडीचे आडरस्ते मोकळे असतात. चालताना छातीत दुखत वा दाटत असेल, नेहमीपेक्षा अधिक धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे.

दुसरे काम याहूनही सोपे, पण सर्वाधिक दुर्लक्षित. ते म्हणजे रक्तदाब मोजणे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. तो सहसा दुखत-खुपत नाही, म्हणून कळतही नाही. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी व तंबाखू टाळावी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. तपासणीत वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आकडे तारखेनिशी वहीत नोंदवावेत. औषधे सुरू असल्यास, रक्तदाब उतरला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. उतरलेला आकडा हा पुष्कळदा त्या औषधांचाच परिणाम असतो.