तापमान बदललं की पेटंट?

प्रश्न : आमच्या कारखान्यात उसाचा रस चुना आणि गंधकाचा धूर देऊन निवळतात. याच पद्धतीतल्या तापमानाच्या एका टप्प्यावर एका कंपनीने पेटंट घेतलंय. हे कुणालाही सुचलं असतं ना?
– एक शुगर केमिस्ट, ता. केज, जि. बीड

उत्तर : ‘कुणालाही’ नाही, तुमच्यासारख्या जाणकाराला सुचलं असतं का, हे पाहायचं, तेही अर्जाच्या अग्रक्रम तारखेला. उत्तर हाती आल्यावर सगळंच सोपं वाटतं, तो मोह टाळा. त्या तारखेपूर्वीचे छापील संदर्भ काढा आणि दाव्याशी ताडून फरक नेमका किती उरतो ते पाहा. पुस्तकात ७० ते ७५ अंश असेल आणि दाव्यात ७३, तर तो रोजचा फेरफार झाला. मात्र तेवढ्याच टप्प्यात रसाचा रंग अनपेक्षितपणे उतरतो, हे कंपनीने तुलनात्मक आकड्यांनी दाखवलं असेल, तर दावा टिकू शकतो.

‘अभिक्रिया जुनीच आहे’ एवढ्याने भागत नाही. होक्स्ट विरुद्ध युनिकेम खटल्यात (१९६८) मुंबई उच्च न्यायालयाने टोलब्युटामाइड या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट ग्राह्य धरलं. रसायनक्रिया ओळखीच्या होत्या, पण त्यातून निघालेलं औषध नवं आणि उपयुक्त होतं. तुमच्याकडे निघते ती साखरच. त्यामुळे हा आधार कंपनीला मिळणार नाही.

मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला पेटंट कार्यालयात विरोध नोंदवता येतो. आधी ती तारीख तपासा.