न फुटलेलं अंडं फेकू नका, फोडून बघा



एकविसावा दिवस उलटतो, तीस अंड्यांतून दहा-अकरा पिल्लं निघतात आणि बाकीची अंडी उकिरड्यावर जातात. मग कुणी म्हणतं मशीनच खराब, कुणी म्हणतं त्या रात्री विजा कडाडल्या म्हणून अंडी नासली. विजेच्या आवाजानं अंडी नासत नाहीत. पण त्या रात्री लाइट किती तास गेली होती, ते आठवून बघा! गटातून कर्ज काढून मशीन घेतलं असेल तर हप्ता काही थांबत नाही. म्हणून कारण शोधायलाच हवं, आणि ते त्या टाकलेल्या अंड्यांतच असतं.

घराबाहेर जुन्या बादलीत पाणी घ्या आणि अंडं पाण्याखाली धरून फोडा. नासकं अंडं फुटून अंगावर उडतं. नंतर हात साबणानं धुवा.

आत नुसता बलक, रक्ताचा मागमूस नाही, तर ते अंडं बहुतेक फळलेलंच नव्हतं. दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा. दुकानातली पांढरी अंडी तर उबवायला ठेवूच नका, त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो.

रक्ताचं कडं दिसलं, तर जीव धरला होता पण पहिल्या चार-पाच दिवसांत गेला. आपल्या भिंगार-नगरकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. अंडी माठाजवळ गार जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि सात दिवसांच्या आत बसवा. धुऊ नका. मळकी अंडी वगळा.

अर्धवट वाढलेलं पिल्लू दिसलं तर उष्णता कमी-जास्त झाली किंवा अंडी फिरवायची राहिली. अठराव्या दिवसापर्यंत रोज तीन ते पाच वेळा अंडी फिरवावी लागतात. मशीनच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून पडताळा. पंख्याच्या मशीनमध्ये ९९.५ ते १०० फॅरनहाइट हवं. थर्माकोलच्या खोक्यात नुसता बल्ब असेल तर अंड्याच्या वरच्या बाजूला १०१ ते १०२. लाइट गेली तर झाकण उघडू नका. हवेची भोकं मोकळी ठेवून वर गोधडी टाका. तास-दोन तासांच्या गारव्यानं सगळं जात नाही. जास्त उष्णता मात्र लवकर मारते.

सगळ्यात जीव हळहळतो तो पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं बघून. कवचाला चोच मारली आणि पांढरा पापुद्रा सुकून अंगाला चिकटला, तर शेवटी ओलावा कमी पडला. आपली हवा कोरडी. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो. म्हणून अठराव्या दिवशी भांड्यात पाणी वाढवा, अंडी फिरवणं थांबवा आणि झाकण उघडून सारखं डोकावू नका. उलट पिल्लू ओलं, फुगलेलं आणि हवेची पोकळी लहान, तर आधी पाणी जास्त झालं होतं. पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली तर उष्णता जास्त, बाविसाव्या-तेविसाव्याला निघाली तर कमी.

सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं की अंडं जिवंत. समजा ३० पैकी ८ कोरी निघाली आणि उरलेल्या २२ मधून ११ पिल्लं आली. मग त्या आठांचा दोष कोंबड्याचा किंवा जुन्या अंड्यांचा, मशीनचा नाही. मशीनला जाब विचारायचा तो बाकीच्या ११ बद्दल. कोरी अंडी काढून टाका, विकायला ठेवू नका.

खुडूक कोंबडीखाली दहा-बाराच अंडी ठेवा. अंगाखाली मावत नाहीत ती गार पडतात. बसवण्याआधी तिच्या पंखाखाली पिसवा आहेत का ते बघा, चावायला लागल्या की ती घरटं सोडते.