वादळी वाऱ्यापासून गोठ्याच्या छपराचे संरक्षण

दिनांक 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांची व गोठ्यांची असंख्य छपरे उडाली. देशावरही चैत्र-वैशाखातील वळवाचा वारा दरवर्षी अशी हानी करतो. थोडी पूर्वतयारी केल्यास यातील बरीचशी हानी टाळता येते.

छपर का उडते?

वारा छपराला केवळ ढकलतो असा समज आहे. वस्तुतः छपरावरून वेगाने वाहणारा वारा पत्र्याला वर ओढतो; विमानाचे पंख उचलले जातात ते याच तत्त्वाने. त्यातच गोठ्याची वाऱ्याकडील बाजू उघडी असेल, तर आत शिरलेला वारा पत्र्याला खालून रेटतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 12 किलो, तर ताशी 100 किलोमीटरला सुमारे 47 किलो असतो. या हिशेबाने 6 मीटर लांब व 4 मीटर रुंद छपरावर एक टनाहून अधिक ओढ येऊ शकते. पत्र्यांचे स्वतःचे वजन याच्या मानाने अगदीच थोडे. म्हणून पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. उलट तेच दगड उडून माणसांना व जनावरांना इजा करतात.

उपाय

पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा खांबाला आणि खांब जमिनीला अशी ही एक साखळीच आहे. तिचा एक दुवा कच्चा असला, तरी बाकीची मजबुती व्यर्थ जाते.

1. पत्रे साध्या खिळ्यांनी न ठोकता हूक-बोल्ट व वायसर यांनी आवळावेत. कडेला व आढ्याजवळ ओढ सर्वांत अधिक असते; तेथे बोल्ट जवळजवळ घ्यावेत.

2. वासे खांबांना लोखंडी पट्टीने किंवा जस्ती तारेच्या दुहेरी वेढ्याने बांधावेत. कुजलेला काथ्या व गंजलेली तार बदलावी.

3. वळचण भिंतीबाहेर अर्ध्या मीटरहून अधिक काढू नये.

4. खांब पक्के नसल्यास त्यांच्याजवळ सुमारे 1 मीटर खोल खड्डे घ्यावेत. तळाशी जड दगड आडवा ठेवून त्याला तार बांधावी, माती चोपून भरावी व तार वाशाला ताणून बांधावी. हे चारही कोपऱ्यांवर करावे. कारण चक्रीवादळाचा मध्य डोक्यावरून गेला की वारा उलट दिशेने वाहू लागतो.

5. छपरावर येणाऱ्या वाळक्या फांद्या आधीच तोडाव्यात.

इशारा मिळाल्यावर

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा इशारा आगाऊ देतो. तो मिळताच सुटे पत्रे, अवजारे व पिंपे आत ठेवावीत, चारा झाकून दोरांनी बांधावा. गोठा कच्चा असल्यास जनावरे वेळीच भक्कम जागी न्यावीत. ते शक्य नसल्यास त्यांची दावी सोडावीत. बांधलेल्या जनावराला कोसळत्या छपराखालून निसटता येत नाही. मध्येच वारा पडला म्हणून कोणीही छपरावर चढू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी गावातील एक गोठा सर्वांसमक्ष बांधून दाखवावा. तार व बोल्ट यांचा खर्च नव्या छपराच्या मानाने अल्प आहे. आणि दावणीचे जनावर गेले, तर ते सहजासहजी पुन्हा उभे करता येत नाही.