दावण वऱ्हाडात, मालक परदेशात

मालक परदेशात आणि जनावर वऱ्हाडात असले की ओळखीचे दोन कागद लागतात, एक जनावराचा आणि दुसरा माणसाचा. जनावराच्या कागदाची तजवीज बहुतेक जण कशीबशी करतात. घोडे अडते ते माणसाच्या कागदापाशी. अमरावती-अकोल्याकडची मुले आधी पुण्याला आणि तिथून पुढे जर्मनी, अमेरिका, आखातात जातात. शेती ठोक्याने दिली जाते, पण गोठ्यातली म्हैस, पटाची जोडी किंवा हौसेची घोडी विकायला मन धजत नाही.

गाय, बैल, म्हैस यांची सरकारी ओळख म्हणजे कानातला पिवळा टॅग. त्यावर 12 अंकी क्रमांक आणि बारकोड असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातून टॅग मारला जातो आणि जात, वय, लसीकरण व मालकाचे नाव यांसह त्या क्रमांकाची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीवर होते. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. विम्यात तर टॅग हाच पुरावा. जनावर दगावले की टॅग काढून दाव्यासोबत द्यावा लागतो. टॅग नाही तर दावा नाही, असा सरळ हिशेब.

प्रस्तुत लेखकाला पहिला फटका याच हिशेबात बसला. म्हशीचा टॅग बाभळीच्या काटेरी कुंपणात अडकून तुटला. घरच्यांनी दवाखान्यात नेऊन तिला नवा टॅग मारून घेतला आणि दवाखान्यात तशी नोंदही झाली. विम्याच्या कागदावर मात्र जुनाच क्रमांक राहिला, कारण तो बदलण्याचा अर्ज मालकाने करायचा होता आणि मालक सात समुद्रापार. पावसाळ्यात वीज पडून म्हैस गेली आणि दावा फेटाळला गेला. चूक मालकाचीच होती. टॅग बदलला की त्याच दिवशी जुना-नवा क्रमांक लिहून विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी, एवढे साधे काम राहून गेले होते.

घोड्याच्या कानात टॅग मारत नाहीत. इंग्लंडमध्ये प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून मायक्रोचिपही सक्तीची आहे. तिकडे राहणाऱ्या मालकाला वाटते, इकडेही तसेच काही असेल. तसे नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि स्पर्धेतल्या घोड्यांना पासपोर्ट मिळतो. वरातीची किंवा हौसेची घोडी या दोन्हींत बसत नाही. तिची ओळख मालकालाच तयार करून ठेवावी लागते.

त्यासाठी उत्तम साधन म्हणजे चिप. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि पशुवैद्यक ती मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली सुईने बसवतात. तिचा 15 अंकी क्रमांक यंत्राने वाचता येतो. सोबत खुणांचा तक्ता हवाच: रंग, कपाळावरचा चांद, कोणते पाय पांढरे, भोवरे कुठे. जुने जाणकार पंचकल्याणी, कुमैत, अबलख म्हणत आणि भोवऱ्यांवरून घोड्याचे भाकीत सांगत. भाकीत सोडून द्यावे, पण भोवरा जन्मभर बदलत नाही आणि आजचे परदेशी पासपोर्टही भोवरे टिपतातच.

लेखकाची घोडी एका लग्नसराईसाठी ओळखीतल्या एकाकडे दिली होती. सराई संपल्यावर तो म्हणाला, तुमची घोडी केव्हाच परत केली, ही दुसरी. घरात फोटोंचा ढीग होता, पण सगळे वरातीतले. कपाळावर गोंडे, अंगावर झूल, पायांत घुंगरू. जो चांद दाखवायचा तोच झाकलेला. चिप नव्हती, खरेदीची पावती नव्हती, देण्याघेण्याचा कागदही नव्हता. गावात बैठक बसली, पण निकाल लागला नाही. म्हणून फोटो साज उतरवून काढावेत: दोन्ही कुशी, समोरून तोंड, मागून, आणि चारही पाय खुरांपर्यंत. पशुवैद्यकाच्या उपचाराच्या कागदावरही ‘एक घोडी’ एवढेच लिहू देऊ नये. रंग आणि खुणा आग्रहाने लिहून घ्याव्यात. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था या भागात हाताशी आहे.

आता माणसाचा कागद. नोंदीतला मोबाईल क्रमांक परदेशी गेलेल्याचा असला आणि ते सिम बंद पडले, की आधारचा ओटीपी येत नाही, बँकेचा येत नाही आणि विम्याचे पैसे असले तरी अडकतात. यावर दोन वाटा आहेत. जो भाऊ किंवा पुतण्या रोज दावणीशी उभा राहतो, त्याच्याच नावावर जनावराची नोंद करणे ही सोपी वाट. घरात विश्वास असेल तर तीच बरी. दुसरी वाट मुखत्यारपत्राची. ते भारतीय वकिलातीत करता येते, किंवा त्या देशाचे अपोस्टिल भारतात चालत असेल तर तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल घेता येते. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लागला पाहिजे, ही अट अनेकांना ठाऊक नसते. मुखत्यारपत्रात ‘मालमत्ता’ असा मोघम शब्द पुरत नाही. जनावरांचा विमा, विक्री, वाहतूक आणि उपचार ही कामे नावानिशी लिहावीत आणि टॅगचे व चिपचे क्रमांक खाली जोडावेत.

पोळ्याला किंवा दिवाळीला गावी येणाऱ्यांनी परतीच्या प्रवासाआधीचा एक दिवस पशुवैद्यकीय दवाखान्यासाठी राखून ठेवावा, आणि तोही सुट्टीचा नसावा.