सिकलसेलचे संशोधन आणि आपली नोंद

सिकलसेल हा आदिवासींचा आजार, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. विदर्भातील बौद्ध कुटुंबांतही हा आजार बराच आढळतो. नागपूर भागातील सिकलसेलवरचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तरी २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ती हवीच. पण फॉर्मवर 'आदिवासी' आणि 'इतर' एवढेच दोन रकाने असतील, तर आपण 'इतर'मध्ये बुडून जातो.

या नोंदीचा औषधाशी थेट संबंध आहे. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, अशी समजूत बरीच वर्षे होती. ओडिशातील रुग्णांच्या अभ्यासामुळे ती पक्की झाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इथल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. कित्येक मुलांना तीव्र वेदना होत होत्या, वारंवार भरती करावे लागत होते, रक्त चढवावे लागत होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अमेरिकेत १९९५ च्या अभ्यासात मोठ्या माणसांवर सिद्ध झाले होते. तिथे किलोमागे रोज १५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा वाढवत नेत. नागपुरात मुलांना १० मिलिग्रॅमची कमी, ठरावीक मात्रा देऊन पाहिली. तिनेही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी झाली. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. कमी मात्रेत रक्ततपासण्यांचा ताण आणि खर्चही कमी, आणि आपल्या घरांसाठी तेच महत्त्वाचे. (औषध मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नये. गरोदरपणात तर नाहीच.)

म्हणून संशोधनाला दार बंद करू नका, पण विचारून घ्या. "रक्त नेले, रिपोर्ट आलाच नाही," ही तक्रार मी किती वस्त्यांत ऐकली! संमतीपत्र मराठीत आहे का? वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवले का? रिपोर्ट कोण, कधी आणून देणार? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि मध्येच बाहेर पडण्याचाही आपल्याला हक्क आहे. अंगठा त्यानंतर.

धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा आणि जातीचा रकाना वेगळा आहे का, तेही पाहा. काही घरांची नोंद 'बौद्ध', काहींची फक्त 'महार', तर काहींची 'हिंदू-महार' अशी होते. एकाच वस्तीचे असे तीन तुकडे झाले की आजार किती आहे ते आकड्यांत दिसतच नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे दोन्ही नोंदी एकत्र असण्यात अडचण नाही.

रिपोर्टमध्ये 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण. वाहक सहसा आजारी नसतो. मुलगी वाहक निघाली म्हणून सोयरीक मोडणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. रिपोर्ट गावभर होऊ नये, हेही संशोधकाकडून कबूल करून घ्या. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. पोटातल्या बाळाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा.